रानडुक्कर हाकण्याच्या कॅसेटचं आधुनिकीकरण

"आवाज माहा, अन् चहा पहिले हिंमतरावले," समितीच्या बैठकीत पंचफुला शेजारच्या चांदबीच्या कानाशी कुरकुरली.

यंत्र जुनं झालं की बदलावं लागतं. माणूस जुना झाला की समितीवर घ्यावा लागतो. म्हणून अमडापूरजवळच्या या गावानं 'कॅसेट की मेमरी कार्ड' हा प्रश्न समितीकडे सोपवला होता. अध्यक्ष हिंमतराव. बियाण्यांचं दुकान त्यांचंच, त्यामुळे शेतीतलं नवं काही आलं की आधी त्यांनाच कळे.

कॅसेट पंचफुलाच्या आवाजातली. चार वर्षांमागे तिनं हिंमतरावांकडून बीटी कपाशीची पाकिटं नेली. 'अळी फिरकणार नाही' म्हणाले होते. अळीनं एक बोंड ठेवलं नाही. तेव्हा पंचफुला दुकानासमोर उभी राहून पाऊण तास बोलली. समोरच्या कॅसेटवाल्या सईदनं ते सहज भरून घेतलं. (तिचे तक्रारीचे तीन लेखी अर्जही आहेत, ते कार्यालयात 'सापडत नाहीत' या अवस्थेत सुरक्षित आहेत.) पुढं कुणीतरी ती कॅसेट मचाणावरून भोंग्यात लावली, तर रानडुकरं पार शेताच्या बांधापलीकडे, धुऱ्यापार! तेव्हापासून दिवे लागले की साऱ्या शिवारात तिच्याच नकला वाजतात.

पहिल्या वर्षी पंचफुलाला वाटलं, रोज ऐकून कुणीतरी विचारील, बाई, झालं तरी काय? लोक विचारत, बाई, आवाज आणखी वाढत नाही का?

कॅसेटमध्ये 'हिंमतराव' हे नाव सव्वीस वेळा येतं. ते डुकरांना उद्देशून आहे, यावर गावाचं एकमत होतं.

कृषी सहायक धवल यांनी अहवाल वाचला. कॅसेटचे दोष: फीत गुंतते (पेन्सिल लागते), पावसाळ्यात आवाज घोगरा होतो (डुकरं तरीही पळतात), मजकूर जुना. कार्डाचे गुण: नखाएवढं, हजार गाणी मावतात, अनावश्यक भाग पुसता येतो. चाचणीत डुकरं दोन्हींना सारखीच पळाली. (एक तटस्थ राहिलं.)

"अनावश्यक म्हंजे कोनता?" पंचफुलानं विचारलं.

"नुसती आरोळी ठेवू ना बाई," हिंमतराव मायेनं म्हणाले. "शब्द डुकराले कुठी समजतेत?"

"कागद तं गेले तीनही. माहं म्हननं आता याच्यातच हाये, भाऊ."

"ते जपूनच ठेवू," म्हणत त्यांनी ठराव मांडला: कार्ड घ्यावं, गावातल्या सर्व कॅसेटी अध्यक्षांकडे जमा कराव्यात. सात हात वर गेले. ज्याचं बियाणं उधार घ्यायचं, त्याच्यासमोर हात आपोआप वर जातो; हा शेतीतला सर्वांत खात्रीचा उगवणीचा दर आहे.

चांदबीचा हात मांडीवरच होता.

"काऊन वो चांदबी? कार्डात काही खोट दिसली काय?"

"कार्ड चांगलंच हाये, हिंमतभाऊ. पन पंचफुला डुकराले नाही म्हनत. तुमाले म्हनते. आमाले सबन मालूम हाये. चार सालापासून रोज आयकतो, अन् डुकरं कशे पयतात म्हनून हासून राह्यलो."