ज्याचं त्याचं काम

शाळेच्या बसथांब्यांची फाइल वाचून ड्रायव्हरना रस्ता कळवायचा, असा प्रोग्रॅम एका इंजिनियरने लिहिला होता. त्यातला एकच क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, सगळं करायचा. फाइल उघडायचा, ओळी तोडायचा, चुका शोधायचा, निरोपही धाडायचा. शाळेने तारीख लिहायची पद्धत बदलली की बिचाऱ्याचे निरोपसुद्धा बंद पडायचे.

"एका क्लासला एकच काम द्या," ऑफिसातल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या. "उद्या दहाला शाळेच्या लोकांसमोर चाचणी आहे. ती फसली तर हे काम दुसऱ्या कंपनीकडे जाईल, आणि तुम्हीही मोकळे."

त्याने एकाचे चार क्लास केले. तत्त्व इतकं पटलं, की रात्री घरातही वाटणी झाली. सकाळी तापणाऱ्या दुधावर नजर त्याची, गॅसचं बटण आईचं, पुसणं बाबांचं. बायकोच्या वाट्याला काही उरलं नाही.

"बरं झालं," म्हणाली, आणि सकाळी निवांत आंघोळीला गेली.

इकडे ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्याने प्रोग्रॅम चालवला. एकही चूक दिसेना, एकही निरोप जाईना. नजर मात्र दुधावर होती. दूध वर आलं, काठाशी आलं, बाहेर आलं. त्याने ते नीट पाहिलं.

"आई, बटण?"

"मला कोणी सांगितलं? बघायचं काम तुझं, मी कशाला डोकावू?" बटणाशी उभी असलेली आई म्हणाली.

"सांडलं का रे?" फडकं मांडीवर घेऊन बसलेल्या बाबांनी विचारलं.

"सांडतंय."

"पूर्ण सांडलं की हाक मार. मधेच पुसलं तर दुप्पट काम."

दुधाचा ओघळ लॅपटॉपकडे निघाला. तेवढ्यात बायको ओल्या केसांनी दारात आली.

"आई, गॅस बंद करा. बाबा, फडकं आणा. आणि तुम्ही, तो लॅपटॉप उचला."

क्षणात सगळं निस्तरलं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तू तर काहीच केलं नाहीस," तो म्हणाला.

बाबा फडकं पिळता पिळता थांबले. आईने खिडकीबाहेर पाहिलं. त्याचं लक्षच नव्हतं, तो पाचवा क्लास लिहायला बसला होता.

दहा वाजता सगळ्या ड्रायव्हरना निरोप पोचले. शाळेचे लोक गेल्यावर मॅडमनी प्रोग्रॅम वाचला.

"हा पाचवा फक्त बाकीच्यांना पाळीपाळीने कामाला लावतो. स्वतः काहीच करत नाही?"

"हळू बोला, मॅडम," तो म्हणाला. "सकाळी मी हेच घरी बोललो. आता रात्रीचं आणणं, चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी, सगळं एकाच क्लासकडे आलंय."