भीतीचा पुरावा जोडला नाही

आदर्श नगरातल्या मराठी कुटुंबांनी मुलांच्या भावना समजून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. मुलांना विचारलं नव्हतं. सभा मोठ्यांची होती. विमा कंपनीतून बदलीवर जयपुरात आलेले आनंदराव उपक्रमाचे कार्यवाह झाले आणि घरोघर 'भावना निवेदन अर्ज' वाटण्यात आले.

पहिली भावना त्यांच्याच घरात निघाली. नुकतीच दहावी झालेली प्रणिता म्हणाली, "बाबा, मला गोपालपुऱ्याच्या कोचिंगवाल्या हॉस्टेलवर नाही राहायचं. मतलब, घर याच शहरात आहे ना? मला खूप भीती वाटते."

"शाब्बास! व्यक्त झालीस!" आनंदरावांना भरून आलं. "आता हेच लेखी दे. आईच्या सहीनिशी."

अर्ज परत आला. पोरीने 'भीती' आणि 'राग' अशा दोन्ही चौकटींत खूण केली होती. एका अर्जात एकच भावना चालते. तिने राग खोडला, तर भीतीचा पुरावा जोडलेला नव्हता. ती रडायलाच लागली.

"अहो, समोर रडतेय ती! दिसत नाही का?" शर्वरीबाई, म्हणजे तिची आई, ओरडल्या.

"ते तोंडी झालं. घरच्या अर्जाला सवलत दिली तर लोक काय म्हणतील?"

उपक्रमाचे मार्गदर्शक पंडित सर यांनी मात्र प्रकरण सहानुभूतीने हाताळलं. अर्जाच्या सुनावणीआधी पालकांना ऐकण्याचं प्रशिक्षण हवं, म्हणून कानोत्याच्या धरणावर सहल निघाली. पालकांनी डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकला, दाल-बाटी खाल्ली आणि सावलीत घोरत पडले. सुनावणीची तारीख पडली एकवीस. हॉस्टेलचा प्रवेश होता पंधराला. आनंदरावांनी स्वतः बॅग वर नेऊन दिली. प्रणिता जिन्यात एक अक्षर बोलली नाही. त्यांनी नोंद केली, 'पाल्य शांत.'

एकवीसला अर्जदार गैरहजर, सबब अर्ज निकाली. एकही अर्ज प्रलंबित नाही म्हणून आनंदरावांनाच 'सुसंवादी कुटुंब' सन्मान! "मूल बोलतं तेव्हा जग थांबवा," असं ते सत्काराच्या भाषणात सांगत होते, तेव्हा खिशातल्या बंद आवाजाच्या मोबाईलवर प्रणिताचे चार फोन येऊन गेले.

संताप येतो हो अशा बापाचा! तुम्हालाही आला ना? यायलाच हवा. फक्त जरा मान वर करा. मघापासून तुमच्या मुलाने दोनदा हाक मारली आणि तुम्ही म्हणालात, "थांब रे, एवढं वाचून होऊ दे."