स्टेअरिंगवर कोण?

कासमभाईंनी एकदा आमच्या बड्या साहेबाला भर उन्हात जीपमधून खाली उतरवलं होतं. साहेबाचा गुन्हा एवढाच, की ड्रायव्हरला बाजूला बसवून तो स्वतः गाडी चालवत होता आणि गेटवरच्या वहीत नाव मात्र ड्रायव्हरचं होतं.

"साब, स्टेअरिंगपे कौन? जो स्टेअरिंगपे, उसका नाम. यल्ला, चलो, साइन!"

साहेबाने मुकाट्याने सही केली.

ही त्रेसष्ट-चौसष्टची गोष्ट. तेव्हाच्या अबुधाबीत वाळू भरपूर आणि बाकी सगळ्याची टंचाई. तेल कंपनीच्या कॅम्पात मी टायपिस्ट होतो आणि कासमभाई गेटवर टाइमकीपर. दोघेही रत्नागिरीकडचे, म्हणून माझ्यावर त्यांचा हक्क. बहिणीच्या लग्नाचं पत्र मी त्यांना कौतुकाने वाचून दाखवलं. वऱ्हाड बसने आलं, इथवर आलो तर म्हणाले, "स्टेअरिंगवर कोण होता?"

"मला काय ठाऊक!"

"सख्ख्या बहिणीचं वऱ्हाड, आणि ड्रायव्हरचं नाव ठाऊक नाही?" दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

शुक्रवारी मात्र यायचेच. हातात दाढीच्या साबणाचा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेला एक लाल तारा. रशियाचं पदक! दुसऱ्या महायुद्धात कासमभाई हिंदी फौजेत लॉरी ड्रायव्हर होते. इराणच्या घाटांतून रशियाला माल पोचवायचा. एकदा हिमवादळात सगळ्या लॉऱ्या अडकल्या, एकच पार झाली. त्या लॉरीपुढे वहीत कासमभाईंचं नाव होतं, म्हणून पदक त्यांना मिळालं.

दुसरा कुणी असता तर ते छातीवर लावून मिरवला असता. हे गृहस्थ गेली सहा वर्षं दिल्लीतल्या रशियन वकिलातीला कळवत होते, की पदक माझं नाही, युसूफचं आहे, रेकॉर्ड दुरुस्त करा. माझ्या आधीच्या टायपिस्टची बोटं त्यातच झिजली असावीत.

युसूफ त्यांच्याच गावचा, त्यांच्याच तुकडीतला. त्या वादळानंतर तो दिसलाच नाही. त्याची स्वतःची लॉरी तळावर उभी होती, म्हणून फौजेने लिहून टाकलं, पळाला. गावात त्याची आई होती. पाणवठ्यावरच्या बाया तिला 'पळपुट्याची आई' म्हणायच्या. कासमभाईंना तिच्या हातात दुरुस्त केलेला कागद ठेवायचा होता. तोवर गावी जायचं नाही, असं ठरवून त्यांनी एकदाही रजा घेतली नव्हती.

वकिलातीचं उत्तर दरवेळी तेच. आमच्या नोंदीप्रमाणे पदक आपलंच आहे, हार्दिक अभिनंदन. मी हसून लोटपोट व्हायचो. खाली मात्र एक प्रश्न असायचा: त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, आणि आपण स्वतः कुठे होता?

"ह्याचं काय लिहू?"

"तो पॉइंट सोड. लिव, कारकुनाची चूक."

जगाला हाच प्रश्न विचारणारा माणूस स्वतः उत्तर द्यायची वेळ आली की डब्याचं झाकण लावायचा. मी तेही त्यांच्या तऱ्हेवाईकपणात जमा केलं होतं.

मग एका टपालात त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. युसूफची आई गेली. मलाच ते वाचून दाखवावं लागलं. कासमभाई उठून गेटवर गेले. त्या दिवशी गेटमधून गाड्या गेल्या-आल्या, कुणालाही त्यांनी काही विचारलं नाही. ड्रायव्हर लोक घाबरून आपणहून नावं सांगायला लागले.

शुक्रवारी ते डबा घेऊन हजर.

"सावंत, कागद लाव."

"आता कुणासाठी, कासमभाई?"

"म्हातारी गेली म्हणून वहीतली चूक बरोबर होते काय?"

मी कागद लावला आणि वकिलातीचं जुनं पत्र समोर धरलं. त्या प्रश्नावर बोट ठेवलं. त्यांचा हात डब्याच्या झाकणाकडे गेला, पण झाकण त्यांनी लावलं नाही.

"ताप आहे म्हणून युसूफला सांगितलं मी," ते म्हणाले. "ताप नव्हता रे. बर्फ बघून भ्यालो. युसूफ म्हणाला, तू नीज, तुझी गाडी मी नेतो. माल पोचवून परत येताना गाडी रुतली, तेव्हा वाटेत अडकलेल्यांसाठी मदत आणायला पायी निघाला, आणि बर्फात गेला. मागून साहेबाने माझ्या छातीवर हे लावलं. मी सॅल्यूट ठोकला. तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर म्हातारी ताठ मानेने पाण्याला गेली असती."

मला रडू आवरेना. ज्या माणसाला मी वर्षभर हसलो, तो त्या गेटवर रोज स्वतःलाच अडवत होता.

"लिव. एक प्रत फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला. स्टेअरिंगवर युसूफ."

मी टाइप केलं. "आणि तुम्ही?"

"बराकीत. ब्लँकेटच्या आत, जागा. तेही लिव."