ओ न देणारे तात्या

आमच्या शेजारचे तात्या हाकेला ओ देत नाहीत. कान शाबूत आहेत. दोन घरं सोडून कुणी चहाचं आधण ठेवलं तरी त्यांना ऐकू येतं. पण नावानं पुकारलं की माणूस दगड. आष्ट्याच्या दवाखान्यात नर्सबाई नाव पुकारून थकल्या, मागचे सगळे तपासून गेले, तात्या बाकावर ढिम्म. काम आसंल तर म्होरं येऊन बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

याला कारण इंग्रजांचा कायदा. त्यानं तात्यांची अख्खी जमात जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती. रोज चावडीवर हजेरी. नाव पुकारलं की ओ द्यायची. चुकली की तुरुंग. एकदा तात्यांच्या वडलांनी आणि वस्तीतल्या काही जणांनी ठरवलं, चावडीवर जायचं, पण ओ द्यायची नाही. हात जोडून बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले.

पुढं कायदा गेला, सवय राहिली. जत्रा आली की चौकीतून जीप यायची आणि वस्तीतली तरणी पोरं ‘खबरदारी म्हणून’ आत जायची.

यंदा जीप पोरं घेऊन गेली, तशी तात्यांनी भाकरी बांधली आणि चौकीच्या पायरीवर जाऊन बसले. मागोमाग वस्ती आली. घोषणा नाही, दगड नाही. हवालदार नावं विचारू लागला. कुणी तोंड उघडेना. दटावून झालं, पायरीवरून उठवून झालं. माणसं पुन्हा येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी नव्या साहेबीणबाई बाहेर आल्या, तात्यांच्या समोर उकिडव्या बसल्या आणि काय पाहिजे ते विचारलं.

"गुन्हा दावा, न्हाईतर पोरं द्या. तवर आमी हितंच हाय."

संध्याकाळी पोरं सुटली. पुन्हा असं कुणाला उचलणार नाही, असं बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं.

वस्तीत गुलाल उडाला. तात्या मात्र माझ्याकडे आले आणि शिवाला फोन लावायला सांगितला. शिवा त्यांचा मुलगा. ऐन विशीत असाच जत्रेआधी उचलला गेला होता. सुटला तो थेट साताऱ्याकडं, खंडाळ्याच्या कारखान्यात गेला, आडनाव बदललं, परत फिरकला नाही. मी सगळं सांगितलं. बघतो म्हणाला, रजा मिळाली तर.

जत्रेदिवशी तात्या सकाळपासून एसटी स्टँडवर उभे. साताऱ्याकडच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. दुपार टळली. शिवा आता पन्नाशीला आला, येईल आपला आपण, असं म्हणून मी त्यांना घरी चला म्हटलं.

"तुमी जावा, गुरुजी. यकटाच उतरला तर भ्येल त्यो."