मालगुजारी भाजीचा शोध

आमच्या कोंढ्यात खोब्रागडे डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलात, तर ते नाडीच्या आधी तुमच्या धोतराचा काठ बघतात. काठाला एखादं अनोळखी कुसळ चिकटलेलं दिसलं की त्यांचा चेहरा एकदम खुलतो.

"हे कुठून आणलं बाप्पा?"

"डाक्टरसाहेब, ताप उतरूनच नाही राहिला."

"ताप कुठं पळून नाही जात. हे कुसळ कोनाच्या बांदीतलं, थे सांग पयले."

बांदी म्हणजे धानाचं शेत. तिचा पत्ता मिळाल्याशिवाय गोळी मिळत नाही. गोळीला गुण मात्र हमखास येतो, म्हणून लोक निमूटपणे कुसळं देतात आणि बरे होऊन जातात.

मी शाळेतला मास्तर आणि डॉक्टरांचा भिंतीला भिंत लावून शेजारी. त्यामुळे दवाखान्यातल्या तपासायच्या टेबलाचं रहस्य मला ठाऊक आहे. त्यावरच्या गादीखाली जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या असतात आणि घड्यांमध्ये डॉक्टरांनी गोळा केलेली झाडंझुडपं. पेशंटच्या वजनाने ती छान चपटी होतात, असा डॉक्टरांचा अनुभव. किडकिडीत माणसाला ते उभ्याउभ्याच तपासतात. एकदा तुमसरचे एक भरदार राइस मिलवाले शेठ कुणाच्या तरी लग्नाला आले होते, त्यांना जरा गरगरलं. डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं आणि उठूच देईनात.

"काही सीरियस आहे का, डॉक्टर?" शेठ घाबरून गेले.

"काहीच नाही. पित्त आहे."

"मग उठू का?"

"हालू नका शेठ. तुमच्या खाली तलावातली वेल सुकून राहिली."

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा गावात सगळे कोर्टकचेरी आणि नोकऱ्यांची चर्चा करत होते. डॉक्टर मात्र सुतकात असल्यासारखे ओट्यावर बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "माह्या अर्ध्या वनस्पती गोंदियाले गेल्या ना गुरुजी!" मी म्हटलं, झाडं आहेत तिथेच आहेत. तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू वाटणीच्या कागदावर मीच सही केली होती.

हे सगळं हौसेचं. पण एक शोध हौसेचा नव्हता. तो होता मालगुजारी भाजीचा.

डॉक्टरांची आई दुसऱ्यांच्या बांदीत रोवण्याला, धानाची रोपं लावायला जायची, मजुरीने. घरी परतताना ती ही पालेभाजी आणायची आणि चुलीवर शिजवायची. मालगुजार म्हणजे आमच्या भागातले जुने जमीनदार. त्यांच्या घरी हीच भाजी शिजते, असं आई सांगायची. डॉक्टर लहान असतानाच ती गेली. पुढे डॉक्टर नागपूरला शिकले, डॉक्टर झाले, वनस्पतींची जाडजूड पुस्तकं पालथी घातली. पण त्या नावाची भाजी कुठेच सापडली नाही. मग त्यांनी जिभेवर भिस्त ठेवली. धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, तलावाच्या पाळीवर दिसेल तो पाला खुडायचा, चावायचा, डोळे मिटून उभं राहायचं आणि थुंकायचं. "हे नोहे."

एकदा जुन्या मालगुजारांचा नातू बीपी दाखवायला आला.

"तुमच्या घरी पयले कोनती भाजी शिजे?"

"आलू-वांगे."

"खोटं नका बोलू," म्हणून डॉक्टरांनी बीपी पुन्हा मोजलं.

आम्ही खूप चिडवायचो. पण डॉक्टरीणबाई गेल्यावर डॉक्टर घरात एकटे राहिले, तसा हा नाद फारच वाढला. एकदा मला म्हणाले, "जीभ म्हातारी होऊन राहिली गुरुजी. आता नाही भेटली, तं मंग भेटूनही वळखू नाही येनार." त्या दिवसापासून मी चिडवणं बंद केलं.

मागच्या पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. पाळीवरच्या कुठल्याशा वेलीचा पाला चावला आणि डॉक्टर ओकून ओकून अर्धे झाले. त्यांच्याच टेबलावर त्यांना निजवून कंपाउंडरने सलाइन लावलं. तशातही गृहस्थ पुटपुटत होता, "हळू टेकवा बे, खाली नमुना आहे."

तुमसरहून त्यांची मोठी बहीण धावत आली, शेवंताबाई. डॉक्टर तिला नुसतं 'बाई' म्हणतात. काय झालं ते मी सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांना जेवणाची परवानगी मिळाली त्या दुपारी त्यांनी मऊ भात आणि वरण केलं, मलाही बसवलं आणि पहिल्या घासालाच विषय काढला.

"दौलत, पाला चावनं आता बंद कर."

"एकदा मालगुजारी भाजी भेटली का बंद."

"थे नाही भेटत."

"काहून?"

"तशी भाजीच नाही बाबू." बाई ताटाकडे बघत बोलत होत्या. "धुऱ्यावर जे हाती लागन थे खुडून आने आई. कधी तरोटा, कधी केना, कधी नुसता चिचेचा पाला. तू तोंड फिरवे, रडे. मंग तिनं तुले सांगतलं, मालगुजाराच्या घरी हेच शिजते. तवा कुठं तू खाल्ला."

डॉक्टर हातातला घास तसाच धरून बसले. "पन चव तं एकच होती."

"हात एकच होता ना."

"मंग एवढे वर्षं मले सांगतलं काहून नाही?"

"तू शोधून राहिला होता, तं मले बरं वाटे. आईले कोनीतरी शोधून राहिलं, असं वाटे. पन आता तुलेच काही झालं तं मी कोनाकडे येऊ?"

डॉक्टरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग हळूच विचारलं, "मले भाजीसंग भात राहे. मले आठवते. तुमी दोघी काय खात होत्या?"

"आमाले भाजीच आवडे," बाई म्हणाल्या.

डॉक्टर उठले. भिंतीला धरत चुलीपाशी गेले आणि भाताचं पातेलं घेऊन आले. बाईंच्या ताटात एक डाव भात वाढला, मग दुसरा वाढला.

"अरे बस! कायले वाढतं एवढा? मले नाही जात."

"खाय," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि खाऊ लागल्या. आणि सगळ्या गावाला दरडावणारा हा माणूस, ताटातला भात संपेपर्यंत पातेलं धरून त्यांच्यासमोर उभाच राहिला.