डिंगोऱ्याची सरासरी

सन २००३च्या ऑगस्टमध्ये डिंगोरे गावातील मुलांची कारक क्षमता मोजण्यात आली. कारक क्षमता म्हणजे हात, पाय, बोटं मेंदूचं किती ऐकतात ते. आमच्या गावात मुळात कुणीच कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे विषय अगदीच परका नव्हता. मी शाळेचा शिक्षक, म्हणून मुलांच्या याद्या करण्याचं काम माझ्याकडे आलं. पुढे जे झालं त्यात याद्यांची एकही चूक नव्हती, हे आधीच नमूद करतो.

अभ्यास खरा साक्षीसारख्या मुलांचा होता. ओढ्यापलीकडच्या रत्नाची ही नऊ वर्षांची लेक. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे चालताना तिचे पाय एकमेकांत अडकत आणि हात थरथरत. डोकं मात्र वर्गात सगळ्यांत तल्लख. रत्ना तिला रोज कडेवर घेऊन चौथीच्या वर्गात आणून सोडायची. पाचवीची शाळा दीड मैल लांब होती आणि वाढत्या पोरीला तिथवर उचलून नेणं रत्नाच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. धरून चालायचा चाकांचा वॉकर मिळाला तर पाचवी, नाहीतर शाळा संपली, इतका हिशेब सरळ होता.

पुण्याहून आलेल्या पथकाच्या प्रमुख इंद्रायणी मॅडम फार काटेकोर बाई. शास्त्रानुसार तुलनेसाठी गावातली तीस धडधाकट मुलंही तपासायची होती. कसोट्या तीन: रेघेवरून चालणं, बाटलीत दाणे टाकणं आणि चेंडू झेलणं. त्यांच्या गुणांची सरासरी काढायची आणि तिच्या खाली जे मूल येईल त्याला वॉकर द्यायचा, असा नियम होता. धडधाकट मुलांनी वॉकर नेऊ नये, असं कलम त्यात नव्हतं. ते लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

बारा नवेकोरे वॉकर शाळेत उतरवून पथक चार दिवसांनी येतो म्हणून गेलं. आता आमच्याकडे शिबिर डोळ्यांचं असो की जनावरांचं, घरटी एक माणूस जातो आणि काहीतरी घेऊनच परत येतो. संध्याकाळी सरपंच संपतराव माझ्याकडे आले.

"गुरुजी, जो नीट चालंल त्याला न्हाई, जो पडंल त्याला. आसंच हाय ना?"

मी नियम पुन्हा वाचून पाहिला. तसंच होतं.

मग गावात चार दिवस पडण्याची तालीम चालली. शेजारच्या प्रयागबाईंनी नातवाला चेंडू छातीवर आपटून घेऊन वर केविलवाणं कसं बघायचं ते शिकवलं. कुणाच्या पोराला फार सफाईने पडतो म्हणून मार बसला. ओढ्यापलीकडे तालीम उलटी होती. रत्नाने अंगणात खडूची रेघ ओढली होती आणि साक्षी तिच्यावरून पावलं टाकत होती. मक्याचे दाणे एकेक करून बाटलीत टाकताना तिचा घाम निघायचा. परीक्षा म्हटल्यावर पास व्हायला हवं, अशी त्या अडाणी बाईची समजूत होती.

तपासणी शिस्तीत झाली. तीस धडधाकट मुलांपैकी चोवीस जण रेघेवर पडले. एकोणिसांना चेंडू झेलता आला नाही. संपतरावांच्या मुलाला बाटलीचं तोंडच सापडेना. शेवटी साक्षी आली. अकरा पावलं चालली, दहापैकी सात दाणे बाटलीत टाकले आणि चेंडू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

गावाची सरासरी चाळीसपैकी चौदा निघाली. साक्षीला मिळाले एकोणीस.

मॅडमनी गणित तीनदा तपासलं आणि शेवटी साक्षीच्या कागदावर 'सामान्य' असा शेरा मारला. रत्नाने लेकीचे एकमेकांत अडकणारे पाय दाखवत विचारलं, "मॅडम, तुमाला दिसत न्हाई का?"

"दिसतंय हो," मॅडम कळवळून म्हणाल्या. "पण दिसणं म्हणजे मोजमाप नव्हे."

सर्वांत कमी गुणांच्या बारा मुलांना वॉकर वाटण्यात आले. दुसऱ्याच दिवशी शाळेमागे क्रिकेटचा सामना झाला आणि संपतरावांच्या मुलाने तीन झेल घेतले. त्यांच्या वॉकरवर हल्ली गोधड्या वाळतात. प्रयागबाईंनी आपल्या वॉकरवर भोपळ्याचा वेल चढवलाय.

जानेवारीत पथकाचं पत्र आलं. पुढची तपासणी आणे आणि येडगाव या गावांत होणार होती. तिथे तुलनेसाठी एक प्रमाणित सामान्य मूल हवं होतं, तरी कुमारी साक्षीने स्वतःच्या पायांनी उपस्थित राहावं, अशी विनंती होती. पत्र वाचून घ्यायला रत्ना साक्षीला कडेवर घेऊन माझ्या घरी आली. अंगणातल्या वॉकरवर माझे सदरे वाळत होते. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमच्या श्रेयाचा वॉकर एक दिवस द्याल का? आण्याला यष्टीतून उतरून लई चालावं लागतं."

होय, श्रेया माझी मुलगी. तिला आठ गुण पडले होते. मी रत्नाला समजावलं की सामान्य मूल वॉकर घेऊन गेलं तर सगळं संशोधन खोटं ठरेल. तिने मान हलवली. समजूतदार बाई आहे.

जाताना साक्षीने आईच्या खांद्यावरून मागे वळून मला विचारलं, "गुरुजी, मी पडले असते तर मिळाला असता का?"

मी वॉकरवरचे सदरे काढून त्यांच्या घड्या घालू लागलो. 

जूनमध्ये पाचवीच्या हजेरीपटावर साक्षीचं नाव नव्हतं. संशोधनाचा अहवाल मात्र छापून आला. आभारांत पहिलं नाव माझं आहे. पथक यंदा आंबेगाव तालुक्यात जाणार आहे, आणि परवा तिकडून एका गृहस्थांचा फोन आला. हा सगळा किस्सा त्यांनी ऐकला होता आणि साक्षीबद्दल त्यांना फार वाईट वाटत होतं, अगदी तुम्हाला आत्ता वाटतंय तितकं. मग त्यांनी विचारलं, मूल तसं धडधाकट आहे, पण साधारण किती वेळा पडावं लागेल?

मी म्हटलं, तीनदा पुरे.