वर्षाच्या बापाचा विरोध

"काका, विरोध पाहिजे," चारुदत्त तिसऱ्यांदा म्हणाला.

प्रेमसिंग राठोड सकाळपासून इस्त्रीच्या सदऱ्यात घामाघूम होऊन अंगणातल्या खुर्चीत बसला होता. त्याची लेक वर्षा देशाच्या फुटबॉल संघात खेळत होती, आणि तिच्यावर माहितीपट काढायला पुण्याची मंडळी तांड्यावर उतरली होती. चारुदत्त हा त्यांचा दिग्दर्शक.

"कोनाचा विरोध?" प्रेमसिंग वैतागला. "सहा वर्षं रोज पहाटं गाडीवर बसवून मीच नेलं ना तिले पुसदच्या ग्राउंडवर. अठरा किलोमीटर! थंडीत बोटं वाकत नव्हती."

"तीच तर अडचण आहे. बाप चांगला, आई चांगली, शेजारी चांगले. मग लोकांनी बघायचं काय? एकदाच म्हणा, मी विरोधात होतो."

"मी कायले खोटं बोलू?"

"म्हना ना एकडाव," दारातून लालीबाई म्हणाली. "पोरीच्या पिक्चरसाठी एवढंही होत नाही तुमच्यानं?"

बायकोच उलटली म्हटल्यावर प्रेमसिंगनं कॅमेऱ्याकडे बघून कसंबसं ते वाक्य म्हटलं. सुटलो, असं त्याला वाटलं. पण नुसता बोललेला विरोध चारुदत्तला पुरेना. रागाच्या भरात बापानं लेकीचे बूट चुलीत घातले, असं त्यानं ठरवून टाकलं. वर्षाचे जुने बूट लालीबाईच्या पेटीत होते, आणि ती पेटीवर जाऊन बसली. मग प्रेमसिंगचेच बूट आणले गेले. गेल्या दिवाळीला वर्षानं घेऊन दिलेले, दोनदा घातलेले.

"अहो, नवे हायेत हे!"

"धुरात कळत नाही, काका."

पहिल्यांदा बूट पेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा ऐन वेळी प्रेमसिंगला ठसका लागला. तिसऱ्यांदा बुटांवर डिझेल ओतलं, तेव्हा अंगणातल्या चुलीतून असा काळा लोट उठला, की घर पेटलं समजून शेजारचा धावजी भरली बादली घेऊन धावत आला. त्यानं ती चूल, प्रेमसिंग आणि चारुदत्तची पिशवी अशी तिघांत सारखी वाटून ओतली. मागोमाग अख्खा तांडा जमला. कोणीतरी त्या धुराचा व्हिडिओ वर्षाला धाडलासुद्धा. पाच मिनिटांत तिचा फोन आला. चारुदत्तनं खुणेनं स्पीकर लावायला सांगितला.

"बापू, तुमी माहे बूट जाळले?"

"तुहे नाही, माहे जाळले!" प्रेमसिंग सदरा पिळत ओरडला. "या मानसाले माहा विरोध पाहिजे होता!"

"तुमचा काहून? मीनं तं त्यायले याडीचा सांगतला होता."

वर्षाशी बोलताना टिपणं काढून नंतर एकदाही न उघडलेली वही चारुदत्तनं पिशवीतून ओलीच काढली. शाई पसरली होती, तरी 'आईचा विरोध' एवढं वाचता येत होतं. कॅमेरा हळूच लालीबाईकडे वळला.

"मस्करी करून राह्यली पोरगी," प्रेमसिंग म्हणाला.

"मस्करी कायची? होती मी विरोधात," लालीबाई म्हणाली. "पोरीचा गुडघा फुटला का हळद कोन लावे? तुमची गाडी निघाली का मी रस्त्याकडंच पाहत राहो. तुमाले सांगून काही फायदा नव्हता. म्हनून तीनदा गाडीतलं पेट्रोल मीनंच सांडून देल्लं."

प्रेमसिंगनं वळून धावजीकडे पाहिलं. ते पेट्रोल धावजीनं चोरलं, असं त्यानं साऱ्या तांड्यात सांगितलं होतं आणि तेव्हापासून आठ वर्षं तो धावजीशी बोलला नव्हता. मघाची बादली हाच एवढ्या वर्षांतला दोघांचा पहिला व्यवहार.

"अप्रतिम!" चारुदत्त पुटपुटला. "काका, आता तुमची प्रतिक्रिया."

प्रेमसिंग उठला. रिकामी खुर्ची त्यानं धावजीपुढं सरकवली.

"बस गा," तो खाली मान घालून म्हणाला. "तुले काय म्हनाचं ते म्हन."

धावजीनं बादली बाजूला ठेवली, खुर्चीत ऐसपैस बसला आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवत चारुदत्तला विचारलं, "आठ वर्षाचं हाय, साहेब. बॅटरी पुरन का?"